जुन्या मोटारगाड्यांतील चार्जिंग दोषाचे निदान : डायनॅमो पद्धतीचा एक अभ्यास

सारांश

पन्नास वर्षांहून अधिक जुन्या मोटारगाडीची बॅटरी वारंवार उतरू लागली की बॅटरी, डायनॅमो आणि रेग्युलेटर हे घटक एकामागून एक बदलण्याकडे सर्वसाधारण कल असतो. अशा बदलात खर्च होतो, वेळ जातो आणि पुन्हा सहजासहजी न मिळणारे मूळ भाग भंगारात जातात. मूळ दोष मात्र अनेकदा तसाच राहतो. प्रस्तुत लेखात लुकास बनावटीच्या डायनॅमो पद्धतीचे कार्य स्पष्ट करून दोष शोधण्याचा क्रम मांडला आहे. कोणताही भाग बदलण्यापूर्वी मोजमाप करावे व प्रत्येक मोजमापाने दोषाचे क्षेत्र निम्म्यावर आणावे, हे या विवेचनाचे मध्यवर्ती सूत्र आहे.

बीजसंज्ञा : डायनॅमो, कटआउट, व्होल्टेज रेग्युलेटर, दोषनिदान, वारसा वाहन

१. प्रस्तावना

'व्हिंटेज' या शब्दाचा अर्थ सर्वत्र एकच नाही. ब्रिटनमधील रूढ वर्गीकरणानुसार १९१९ ते १९३० या काळात बनलेल्या गाड्यांनाच व्हिंटेज म्हटले जाते. भारतात जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार, प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेली व मूळ स्वरूपात जतन केलेली दुचाकी व चारचाकी वाहने या वर्गात मोडतात. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी अटही त्यात आहे. प्रस्तुत लेखात हा भारतीय अर्थ स्वीकारला आहे. त्यामुळे १९५० व १९६० च्या दशकांतील मॉरिस मायनर, मॉरिस ऑक्सफर्ड आणि ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवर बेतलेली हिंदुस्तान मोटर्सची सुरुवातीची ॲम्बॅसडर यांसारख्या गाड्या या विवेचनाच्या कक्षेत येतात.

या काळातील बहुसंख्य गाड्यांत बॅटरी भारित करण्याचे काम डायनॅमो करीत असे. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९६० मध्ये व्हॅलिअंट या गाडीत अल्टरनेटर बसवला आणि पुढील दीड-दोन दशकांत डायनॅमो मागे पडला. आज गॅरेजमध्ये काम करणाऱ्या तरुण कारागिराचे सारे शिक्षण अल्टरनेटरवर झालेले असते. डायनॅमोची नाडी ओळखणारे जुने वायरमन मिस्त्री कमी होत चालले आहेत आणि त्यांचे ज्ञान फारसे लिहून ठेवलेले नाही. परिणामी सुस्थितीतील डायनॅमो 'गेला' असे घोषित होतो. हा प्रश्न केवळ एका गाडीच्या दुरुस्तीपुरता मर्यादित नाही. तांत्रिक वारसा जपताना लागणाऱ्या ज्ञानाचा तो प्रश्न आहे.

२. उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) डायनॅमो, कटआउट व रेग्युलेटर यांचे परस्परसंबंध स्पष्ट करणे.
२) व्होल्टमीटरसारख्या साध्या साधनाने करता येण्याजोग्या चाचण्यांचा क्रम मांडणे.
३) इशारा दिव्याच्या वर्तनावरून दोषाचे स्थान कसे ओळखावे हे दाखविणे.
४) दुरुस्ती व बदल यांतील निर्णयाचे निकष सुचविणे.

लेखातील आकडे बारा व्होल्टच्या लुकास पद्धतीचे, म्हणजे सी-३९ व सी-४० या डायनॅमोंचे आणि आरबी-१०६/२ या नियंत्रण पेटीचे आहेत. इतर बनावटींमध्ये अंतर्गत जोडणी वेगळी असू शकते. काही अमेरिकी डायनॅमोंमध्ये फील्ड कॉइलचे टोक रेग्युलेटरमार्फत अर्थला जोडले जाते. अशा ठिकाणी पुढे दिलेली डी व एफ जोडण्याची चाचणी लागू पडत नाही. म्हणून त्या त्या गाडीचा विद्युत आराखडा समोर ठेवूनच काम सुरू करावे.

३. चार्जिंग यंत्रणेची रचना व कार्य

३.१ डायनॅमो : चुंबकक्षेत्रात फिरणाऱ्या आर्मेचरमध्ये विद्युतदाब निर्माण होतो आणि कॉम्युटेटर व कार्बन ब्रश यांच्या साहाय्याने तो एकदिश स्वरूपात बाहेर घेतला जातो. चुंबकक्षेत्र निर्माण करणाऱ्या फील्ड कॉइलला लागणारी धारा डायनॅमो स्वतःच पुरवतो. सुरुवातीला मात्र लोखंडी ध्रुवांत उरलेल्या अवशिष्ट चुंबकत्वावर सारी भिस्त असते. या अल्प चुंबकत्वामुळे थोडा दाब निर्माण होतो, तो फील्ड कॉइलला मिळतो, चुंबकक्षेत्र वाढते आणि दाब आणखी वाढतो. वर्नर फॉन सीमेन्स व चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८६७ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेले स्वयं-उत्तेजनाचे तत्त्व ते हेच होय. अवशिष्ट चुंबकत्व नाहीसे झाले किंवा उलटले तर डायनॅमोच्या एकाही तारेत बिघाड नसताना तो काम करीत नाही, हे या तत्त्वावरून ध्यानात येते.

लुकास डायनॅमोवर दोन जोडण्या असतात. डी ही मुख्य पुरवठ्याची मोठी जोडणी आणि एफ ही फील्डची लहान जोडणी. फील्ड कॉइलचे दुसरे टोक डायनॅमोच्या आतच बॉडीला जोडलेले असते.

३.२ कटआउट : इंजिन मंद चालताना डायनॅमोचा दाब बॅटरीपेक्षा कमी असतो. दोन्ही कायम जोडलेले राहिले तर बॅटरीतील धारा उलट डायनॅमोत वाहील. ते टाळण्यासाठी कटआउट हा स्वयंचलित स्विच असतो. डायनॅमोचा दाब १२.७ ते १३.३ व्होल्टच्या दरम्यान पोहोचला की त्याचे संपर्कबिंदू मिटतात. दाब घसरून धारा उलट वाहू लागली की ते उघडतात. गॅरेजमध्ये संपूर्ण नियंत्रण पेटीलाच 'कटआउट' म्हणण्याची पद्धत आहे. वास्तविक तिच्यात कटआउट व रेग्युलेटर अशी दोन भिन्न उपकरणे शेजारी शेजारी असतात. हा शब्दप्रयोगच अनेकदा निदानात गोंधळ निर्माण करतो.

३.३ रेग्युलेटर : इंजिनाचा वेग वाढतो तसा डायनॅमोचा दाबही वाढत जातो. त्याला आवर घालण्यासाठी रेग्युलेटरचे संपर्कबिंदू डी व एफ यांच्यामधील मार्गात असतात. दाब ठरावीक मर्यादेवर गेला की विद्युतचुंबक हे बिंदू उघडतो. त्यामुळे फील्डच्या मार्गात एक रोध येतो, चुंबकक्षेत्र क्षीण होते आणि दाब घटतो. दाब घटताच बिंदू पुन्हा मिटतात. ही उघडझाप सेकंदाला अनेक वेळा होत असल्याने प्रत्यक्षात दाब स्थिर भासतो.

आरबी-१०६ पेटीचे आणखी एक वैशिष्ट्य समजून घेणे आवश्यक आहे. तिच्या विद्युतचुंबकावर दाबाच्या बारीक वेढ्यांबरोबर धारेचे काही जाड वेढेही असतात. डायनॅमोतून जितकी धारा जास्त वाहते तितका रेग्युलेटर कमी दाबावर काम करतो. त्यामुळे पूर्ण उतरलेल्या बॅटरीला एकाएकी प्रचंड धारा मिळत नाही आणि डायनॅमोही जळत नाही. याचा व्यावहारिक परिणाम असा की, धारा वाहत नसताना मोजलेला मुक्त दाब बराच जास्त, म्हणजे २० अंश सेल्सिअस तापमानाला १६.० ते १६.६ व्होल्ट, असणे योग्य मानले जाते. हा आकडा पाहून अल्टरनेटरची सवय असलेला कारागीर दचकतो व स्क्रू फिरवून तो १४.४ वर आणतो. तेथूनच बॅटरी अर्धपोटी राहण्यास सुरुवात होते. दोष नसलेल्या जागी दोष निर्माण करण्याचे हे ठळक उदाहरण म्हणता येईल.

३.४ इशारा दिवा : डॅशबोर्डवरील लाल दिव्याचे एक टोक इग्निशन स्विचला आणि दुसरे डायनॅमोच्या डी जोडणीला जोडलेले असते. दिवा दोन टोकांतील दाबाचा फरक दाखवतो. इंजिन बंद असताना एका टोकाला बॅटरीचा दाब व दुसऱ्या टोकाला शून्य असल्याने तो लागतो. दोन्ही दाब समान झाले की विझतो. डायनॅमो पद्धतीत हा दिवा केवळ सूचक आहे. अनेक अल्टरनेटरप्रमाणे तो प्रारंभिक उत्तेजन देत नाही, म्हणून बल्ब उडाला तरी चार्जिंग सुरूच राहते.

४. निदानाची पूर्वतयारी

कामासाठी चांगला व्होल्टमीटर, हायड्रोमीटर, टेस्ट लॅम्प आणि जोडणीच्या दोन-तीन तारा पुरेशा होतात. वेगाने बदलणारा दाब वाचण्यासाठी काट्याचा मीटर अधिक सोयीचा ठरतो.

सर्वप्रथम बॅटरीचे कोणते टोक बॉडीला जोडले आहे ते पाहावे. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अनेक ब्रिटिश गाड्यांत धन टोक अर्थ केलेले असे. हे लक्षात न घेता नवी बॅटरी आजच्या रिवाजाप्रमाणे ऋण टोक अर्थ करून बसवली, तर डायनॅमोचे ध्रुवत्व व बॅटरी परस्परविरुद्ध होतात आणि कटआउटचे बिंदू जळतात. गाडीचा मागील इतिहास विचारून घेणेही तितकेच महत्त्वाचे आहे. गाडी किती दिवस उभी होती, अलीकडे रंगकाम झाले का, कोणते जादा दिवे बसवले, कोणता भाग बदलला, या चार प्रश्नांच्या उत्तरांत अनेकदा दोषाचा माग सापडतो.

सुरक्षिततेच्या बाबतीत तडजोड नसावी. भारित होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडतो, म्हणून जवळ ठिणगी किंवा ज्योत नसावी. हातातील अंगठी व घड्याळ काढून ठेवावे. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवू नये.

५. निदानाचे टप्पे

टप्पा पहिला : बॅटरी. काही तास विसावलेल्या, पूर्ण भारित बॅटरीचा दाब सुमारे १२.६ ते १२.७ व्होल्ट असतो. १२.२ म्हणजे जवळपास अर्धी, तर ११.९ च्या खाली म्हणजे रिकामी समजावी. सहाही कप्प्यांतील द्रावणाचे सापेक्ष घनत्व स्वतंत्रपणे मोजावे. एकच कप्पा इतरांपेक्षा खूप कमी वाचन देत असेल तर बॅटरीच सदोष आहे. येथे एक बाब ध्यानात ठेवावी. उष्ण प्रदेशासाठी आम्ल मुद्दाम सौम्य ठेवले जाते. थंड हवामानात पूर्ण भारित घनत्व १.२७० ते १.२९० असले, तरी लुकासच्या जुन्या सूचनांत उष्ण प्रदेशासाठी १.२१० ते १.२३० हा पल्ला दिलेला आहे. ब्रिटिश पुस्तिकेतील थंड प्रदेशाचा आकडा पाहून भारतातील चांगली बॅटरी अपुरी ठरवणे चुकीचे होईल.

टप्पा दुसरा : फॅनबेल्ट. बेल्ट घसरत असेल तर पुढील सर्व चाचण्या निरर्थक ठरतात. बेल्टच्या सर्वांत लांब भागावर अंगठ्याने दाब दिल्यास अर्धा ते एक इंच हालचाल व्हावी. बेल्ट अतिताणलेला असल्यास डायनॅमोच्या बेअरिंगवर भार येतो.

टप्पा तिसरा : डायनॅमो. ही संपूर्ण निदानातील निर्णायक चाचणी आहे. डायनॅमोवरील डी व एफ या दोन्ही तारा सोडवाव्यात. दोन्ही जोडण्या एका लहान तारेने एकमेकींना जोडाव्यात. व्होल्टमीटरचे एक टोक या तारेला आणि दुसरे डायनॅमोच्या बॉडीला लावावे. इंजिन सुरू करून वेग हळूहळू वाढवावा. दाब झपाट्याने व न डळमळता वाढला पाहिजे. रेग्युलेटर वगळला गेल्याने दाबावर नियंत्रण नसते, म्हणून तो २० व्होल्टपर्यंत पोहोचू देऊ नये व इंजिन पळवू नये.

वाचनांचा अर्थ असा लावावा : अजिबात दाब नसेल तर कार्बन ब्रश झिजलेले, अडकलेले अथवा कॉम्युटेटर काळवंडलेला असण्याची शक्यता असते. एक व्होल्टच्या आसपास अडकल्यास फील्ड कॉइलचा संशय घ्यावा. दाब चार-पाच व्होल्टच्या पुढे जात नसल्यास आर्मेचरच्या वेढ्यांत दोष संभवतो. फील्ड कॉइलचा रोध सुमारे सहा ओहम असतो. तो अमर्याद दिसल्यास तार तुटलेली आणि बराच कमी दिसल्यास वेढे आपसात भिडलेले समजावे.

ब्रश, कॉम्युटेटर व फील्ड ठीक असूनही दीर्घकाळ उभ्या असलेल्या गाडीत दाब निर्माण होत नसेल, तर चुंबकत्व पुनःस्थापित करून पाहावे. डायनॅमोच्या तारा सोडवलेल्या स्थितीत बॅटरीच्या अर्थ नसलेल्या टोकाकडून आणलेली तार एफ जोडणीला क्षणभर दोन-तीनदा स्पर्श करावी व चाचणी पुन्हा करावी. बॅटरीची दिशा बदलली असल्यासही हीच क्रिया आवश्यक ठरते. डायनॅमो रिवाइंडिंगला पाठवण्यापूर्वी एवढे काम केले तरी पुष्कळदा खर्च वाचतो.

टप्पा चौथा : तारा. डायनॅमो चांगला ठरल्यास त्याच्या तारा परत जोडून नियंत्रण पेटीकडील डी व एफ टोके सोडवावीत, ती एकत्र करून तीच चाचणी घ्यावी. येथे डायनॅमोजवळ मिळालेलेच वाचन मिळाले पाहिजे. फरक पडल्यास दोष तारांत आहे. जुन्या गाड्यांतील कापडी आवरणाच्या तारा इंजिनाच्या उष्णतेने आतून कुजतात. बाहेरून त्या धडधाकट दिसतात, म्हणून डोळ्यांवर विसंबू नये.

टप्पा पाचवा : नियंत्रण पेटी. प्रथम इंजिन बंद ठेवून पेटीच्या ए जोडणीवर बॅटरीइतका दाब आहे का ते पाहावे. नसल्यास बॅटरीपर्यंतचा मार्ग तुटलेला आहे. त्यानंतर, डी व एफ तारा परत जोडून, इंजिन चालू असताना व्होल्टमीटर पेटीच्या ई जोडणी व बॅटरीच्या अर्थ टोकामध्ये लावावा. वाचन जवळपास शून्य असले पाहिजे. ही साधी चाचणी बहुतेक वेळा वगळली जाते आणि तिच्यातच पुष्कळदा उत्तर दडलेले असते.

कटआउट तपासण्यासाठी व्होल्टमीटर डी व ई यांमध्ये लावून, मोठे दिवे चालू ठेवून, वेग हळूहळू वाढवावा. काटा १२.७ ते १३.३ पर्यंत चढून किंचित खाली येतो. तोच बिंदू मिटल्याचा क्षण होय.

रेग्युलेटर तपासण्यासाठी ए व ए-१ या जोडण्यांवरील तारा सोडवून त्या एकमेकींना जोडाव्यात, जेणेकरून इग्निशनला पुरवठा मिळत राहील. व्होल्टमीटर डी व ई मध्ये ठेवून वेग वाढवावा. काटा थरथरून ज्या दाबावर स्थिरावतो तो मुक्त दाब होय. ही चाचणी व तदनुषंगिक समायोजन तीस सेकंदांत उरकावे, अन्यथा कॉइल तापून वाचन फसवे येते. संपर्कबिंदू मळलेले असल्यास रेग्युलेटरचे बिंदू बारीक कार्बोरंडम दगडाने साफ करावेत. कटआउटच्या बिंदूंना मात्र फक्त बारीक काचकागद लावावा, एमरी कधीही वापरू नये. शेवटी दोन्ही ठिकाणे स्पिरिटने पुसावीत. बिंदू स्वच्छ केल्याशिवाय समायोजनाच्या स्क्रूला हात लावू नये.

६. लक्षणांवरून दोषाचा वेध

इशारा दिव्याचे वर्तन नीट वाचता आले तर हत्यार हाती घेण्यापूर्वीच दोषाचे क्षेत्र मर्यादित होते.

१) चावी फिरवूनही दिवा लागत नाही : बल्ब उडालेला किंवा त्याच्या तारेत खंड आहे. डायनॅमोवरील डी तार सोडवून बॉडीला टेकवल्यास दिवा लागत असेल तर ब्रश व कॉम्युटेटर यांचा संपर्क तुटलेला आहे.

२) इंजिन वेगात असतानाही दिवा तसाच तेवतो : डायनॅमो दाब निर्माण करीत नाही किंवा तो पेटीपर्यंत पोहोचत नाही.

३) वेग वाढताना दिवा विझतो आणि आणखी वेग वाढवल्यावर पुन्हा उजळतो : डायनॅमो निर्दोष आहे, कटआउट मिटत नाही. डायनॅमोचा दाब बॅटरीहून अधिक झाल्याने दिव्यातून उलट दिशेने धारा वाहते.

४) वेगात असताना दिवा अगदी मंद, केवळ रात्री जाणवेल इतपत, तेवतो : डी व बॅटरी यांच्या मार्गात नको असलेला रोध आहे. कटआउटचे मळके बिंदू हे त्याचे नेहमीचे कारण.

५) चावी काढल्यावरही दिवा मंद तेवतो व अँमीटर मोठा ऋण आकडा दाखवतो : कटआउटचे बिंदू चिकटले आहेत. बॅटरी डायनॅमोतून रिकामी होत आहे. अशा वेळी बॅटरीची तार तत्काळ काढावी, कारण वायरिंग पेटण्याचा धोका असतो.

याशिवाय बल्ब वारंवार उडणे व बॅटरीतील पाणी लवकर आटणे ही अतिभाराची लक्षणे आहेत.

काही वेळा यंत्रणेत दोष नसतोच, हिशेब चुकलेला असतो. सी-४० डायनॅमोची कमाल क्षमता २२ अँपिअर व सी-३९ ची १९ अँपिअर आहे. ४२ वॅटचे दोन मूळ मोठे दिवे सात अँपिअर घेतात. इग्निशन व लहान दिवे धरून एकूण मागणी बारा अँपिअरच्या आसपास राहते. त्या जागी १०० वॅटचे दोन हॅलोजन दिवे बसवले की केवळ त्यांचीच मागणी सोळा अँपिअरहून अधिक होते. त्यात भर म्हणजे असे जादा दिवे थेट बॅटरीवर जोडले जातात. भारासाठी नेमलेली ए-१ जोडणी टाळल्यामुळे धारेचे सर्व वेढे वापरले जात नाहीत आणि डायनॅमोवर मर्यादेबाहेर भार पडतो. रॅलीत चालण्याच्या वेगाने सरकणाऱ्या गाडीत तर डायनॅमो पुरेसा फिरतच नाही. अशा गाडीची बॅटरी उतरली तर दोष यंत्राचा मानता येणार नाही.

७. एक प्रातिनिधिक उदाहरण

वरील क्रमाचे महत्त्व एका कल्पित, परंतु व्यवहारात सहज संभवणाऱ्या उदाहरणाने स्पष्ट करता येईल. १९५९ सालची एक गाडी दोन वर्षांच्या पुनरुज्जीवनानंतर गॅरेजमधून बाहेर येते. बॉडी खरवडून नवा रंग दिलेला आहे. पंधरा दिवसांत बॅटरी उतरते. नवी बॅटरी घेतली जाते, तीही उतरते. मग डायनॅमो रिवाइंड केला जातो. तरीही फरक पडत नाही, म्हणून मूळ नियंत्रण पेटी भंगारात टाकून नवी पेटी बसवली जाते. दोष कायम राहतो. या अवस्थेत 'जुनी वायरिंग, आता अल्टरनेटरच टाका' असा सल्ला मिळतो.

क्रमाने पाहिल्यास चित्र वेगळे दिसते. वेग वाढवताना इशारा दिवा विझून पुन्हा प्रखर होतो, हे मालकाने पहिल्याच दिवशी सांगितलेले असते. याचा अर्थ डायनॅमो तेव्हाही चांगलाच होता. तिसऱ्या व चौथ्या टप्प्यातील चाचण्या तेच सिद्ध करतात. पाचव्या टप्प्यात ई जोडणी व बॅटरीचे अर्थ टोक यांमध्ये शून्याऐवजी जवळपास डायनॅमोइतकाच दाब मिळतो. ई ची तार पाहता ती नव्या, जाड रंगाच्या थरावर स्क्रूने आवळलेली आढळते. रंग हा विद्युतरोधक आहे. कटआउट व रेग्युलेटर या दोन्हींच्या दाबाच्या कॉइलना परतीचा मार्गच उरलेला नाही. म्हणून कटआउट मिटत नाही आणि रेग्युलेटर दाब आवरत नाही. स्क्रूखालील रुपयाएवढ्या जागेतील रंग खरवडला की यंत्रणा पूर्ववत होते.

या उदाहरणात दोन बॅटऱ्या, एक रिवाइंडिंग व एक मूळ नियंत्रण पेटी यांची किंमत मोजली गेली. बॅटरी पुन्हा विकत मिळते. त्या गाडीसोबत कारखान्यातून आलेली पेटी पुन्हा मिळत नाही.

८. दुरुस्ती की बदल

निदान पूर्ण झाल्यावरच बदलाचा विचार व्हावा. ब्रश, बुश व बेअरिंग हे झिजणारे भाग आहेत. ते बदलण्याने गाडीच्या मूळपणाला बाध येत नाही. कॉम्युटेटर लेथवर साफ करून तांब्याच्या पट्ट्यांमधील अभ्रक सुमारे ०.८ मि.मी. खोल कोरावे लागते. मागील बुशला तेलाचे मोजकेच थेंब द्यावेत. जास्तीचे तेल कॉम्युटेटरवर येऊन नवा दोष निर्माण करते.

नियंत्रण पेटीतील कॉइल जळाल्या असतील तर मूळ पेटीच्या आत इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवण्याचा मध्यम मार्ग उपलब्ध आहे. डायनॅमोसारख्या दिसणाऱ्या कवचात अल्टरनेटर बसवलेली उपकरणेही मिळतात. रात्री व गर्दीत नियमित चालवल्या जाणाऱ्या गाडीसाठी हा पर्याय व्यवहार्य ठरू शकतो. मात्र असा बदल उलटवता येण्याजोगा असावा, काढलेले मूळ भाग नाव-तारीख लिहून जपावेत आणि केलेल्या फेरबदलाची नोंद गाडीच्या कागदपत्रांत ठेवावी. अज्ञानापोटी केलेला बदल आणि जाणीवपूर्वक स्वीकारलेला बदल यांतील अंतर या नोंदीने स्पष्ट होते.

९. निष्कर्ष

१) चार्जिंग दोषाचे निदान बॅटरी, बेल्ट, डायनॅमो, तारा व नियंत्रण पेटी या क्रमाने करावे. डी व एफ जोडून घेतलेली चाचणी यंत्रणेचे दोन भाग पाडते व दोष कोणत्या बाजूस आहे हे निश्चित करते.

२) नियंत्रण पेटीचा अर्थ हा सर्वाधिक दुर्लक्षित घटक आहे. विशेषतः रंगकाम झालेल्या गाडीत तो प्रथम तपासावा.

३) डायनॅमो पद्धतीचे आकडे अल्टरनेटरच्या मापाने तपासू नयेत. १६ व्होल्टच्या पुढचा मुक्त दाब हा येथे दोष नसून रचनेचा भाग आहे.

४) वाहनाचा मूळपणा जपण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे बदलापूर्वी मोजमाप.

औद्योगिक प्रशिक्षण संस्था व तंत्रनिकेतने यांच्या अभ्यासक्रमात डायनॅमोला आज स्थान उरलेले नसणे स्वाभाविक आहे. तथापि, पदार्थविज्ञान व विद्युत अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत स्वयं-उत्तेजन, विद्युतचुंबकीय नियंत्रण आणि दोषनिदान या तिन्ही संकल्पना एकाच उघड्या, डोळ्यांना दिसणाऱ्या यंत्रावर शिकवण्यासाठी जुना डायनॅमो व त्याची पेटी हे उत्तम साधन आहे. परिसरातील जुन्या वायरमन मिस्त्रींना प्रात्यक्षिकासाठी महाविद्यालयात निमंत्रित केले आणि त्यांचे कार्यज्ञान विद्यार्थ्यांकडून लिहून घेतले, तर गाड्यांबरोबर त्या गाड्या चालत्या ठेवणारे ज्ञानही जतन होईल.